कोमट काठी

लिम्नोस बेटावरच्या आमच्या आळीत एवान्थियाइतकी चौकस बाई दुसरी नाही. चौकस हा शब्द शेजारधर्माला धरून आहे. देवळात मेणबत्ती घेतली की ती वात ओढून बघते, बुडापर्यंत पोचलीय का. कोंबडीने अंडं दिलं नाही तर जाब शेजारणीला.

त्या हिवाळ्यात मात्र तिच्या संशयाला कारण होतं. सून आसिमिना पोटुशी होती, पहिलटकरीण. नाताळपासून पाद्री घरोघर पाणी शिंपडायला येईपर्यंत चूल विझू द्यायची नाही आणि विस्तव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चूल विझली की गाढवाच्या खुरांची काळी भुतं धुराड्यातून उतरतात. विस्तव बाहेर गेला की त्याच्यामागून घरातला जीव जातो. आणि एवान्थियाच्या राखेखाली झाकलेले निखारे सकाळी कमी भरत होते.

पहिला संशय शेजारीण मालामावर. ती उंबऱ्याशी टेकते न टेकते तोच उठली.

"विस्तव न्यायला आली होतीस की काय?" एवान्थियाने विचारलं. इथे घाईच्या पाहुण्याला सगळेच असं म्हणतात, पण हिचे डोळे मालामाच्या ओच्यावर होते.

"तुझ्या चुलीतून न्यायला आहे काय गं? तुझा नवरासुद्धा बाहेर उन्हात बसून शेकतो."

एवान्थियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मालामाच्या ओच्यातून धूर येत नव्हता.

रात्री निजण्याआधी तिने चुलीपुढे राख चाळून पसरली. उजाडताच बघते, तर राखेत मोज्यातल्या पावलांचे ठसे आणि शेजारी गोल, खोल खळगे. खुराचे! दोन पाय माणसाचे, एक गाढवाचा. तीन पायांचं भूत कुणी ऐकलं नव्हतं. म्हणजे भूत लंगडत आलं होतं आणि घरातल्याच कुणीतरी त्याला हाताला धरून आत आणलं होतं.

घरात होतं कोण? मुलगा बोटीवर. नवरा स्त्रातिस जन्मभर भुतांची टिंगल करणारा. उरली सून, परगावची. तिच्या ॲप्रनला जळकं भोक होतं.

"हे कशाने गं?"

"ठिणगी उडाली, आई."

"ठिणगी इतकी गोल नसते."

आसिमिना खाली बघून कणीक मळत राहिली. एवान्थियाने तिचं गाठोडं बांधायला घेतलं. बाळंत होईपर्यंत माहेरी जा म्हणाली. चोर असली तरी पोटातलं नातवंड आमचं आहे, ते या विस्तव गळणाऱ्या चुलीपाशी नको. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

स्त्रातिसने राखेतले ठसे पाहिले आणि घाईघाईने छातीवर क्रूस काढला. एवान्थियाला तेच खटकलं. हा माणूस ईस्टरलासुद्धा सवडीने क्रूस काढणारा.

"जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला.

"काठी विसरलात." तिने दारामागची काठी उचलली. नेहमीची ऑलिव्हची नव्हती. रानबडीशेपेचा वाळका दांडा होता, पिसासारखा हलका. आणि कोमट. तिने राख लागलेल्या गोल टोकाला नाक लावलं. साल धड होती, आतला गाभा गुपचूप धुमसत होता.

"कुणाकडे?"

स्त्रातिस बसला. "पानागोसकडे."

पानागोस त्याचा सख्खा भाऊ, गल्लीच्या टोकाला एकटा राहणारा. बांधाच्या एका दगडावरून दोघांचं बोलणं, आळीच्या समजुतीने, कित्येक वर्षं बंद.

"तापाने फणफणलाय. रोज त्याची चूल विझते. काडेपेटी दिली तर म्हणतो, दुकानातली आग नको, बापाच्या चुलीतली हवी. वाटण्या झाल्या तेव्हा अर्धी मला, अर्धी त्याला मिळाली होती."

"आणि ही?"

"पोरीने एकदा निखारा उचलून दिला. मीच गप्प राहायला सांगितलं होतं." मग जरा धीर येऊन म्हणाला, "अगं, याच बेटावर लंगड्या लोहारदेवाच्या, इफेस्तोसच्या भट्टीतून प्रोमिथियसने असल्याच दांड्यातून आग पळवली."

"आणि त्याला खडकाला बांधून गरुडाने त्याचं काळीज खाल्लं."

"माझं तर तू लग्नापासून खातेयस."

आसिमिनाला हसू आवरेना. एवान्थिया हसली नाही. तिने गाठोडं सोडलं आणि सुनेचे कपडे पुन्हा पेटीत ठेवले.

"विस्तव आता बाहेर जायचा नाही," ती म्हणाली. "त्यालाच घेऊन या. भाऊ घरात असला म्हणजे त्याच्याकडे गेलेली आगही घरातच आली."

दुपारी पानागोस घोंगडी गुंडाळून, काठी टेकत आला. उंबऱ्यावर अडखळला, वहिनीकडे बघायचं टाळलं. एवान्थियाने त्याच्या हातातली काठी काढून घेतली, हुंगली, मगच त्याला चुलीजवळची जागा दिली.