किडनीला वेगळा न्याय नाही

आमच्या दाजींनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल, तर ते फक्त स्वतः लिहिलेल्या नियमांचं. बाकी डॉक्टर, सरपंच, सासरे, तहसीलदार आणि यम या सगळ्यांना त्यांनी एकाच रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, की आधी अर्ज द्या, मग बघू. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घाटनांदूरच्या पुढे, डांबरी सडक संपून धूळ सुरू होते तिथे त्यांचं गाव. गावात सहकारी दूध सोसायटी होती आणि तिचे सचिव म्हणून दाजींनी इतकी वर्षं काढली, की सोसायटी आधी झाली की दाजी, असा प्रश्न नव्या माणसाला पडे. सोसायटीचं वळण त्यांनी घरातही आणलं होतं. उन्हाळ्यात अंगणात झोपायचं की माळवदावर, यालासुद्धा सूचक आणि अनुमोदक लागायचे. अक्का सूचक, दाजी अनुमोदक. गेल्या तीस वर्षांत अक्काचा एकही ठराव पडलेला नव्हता, पण तो रीतसर मंजूर झाला होता याचंच दाजींना समाधान असे.

अशा माणसाच्या दोन्ही किडन्या एकदम गेल्या. रक्तदाब कित्येक वर्षांचा होता, त्यात गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या ते शेंगदाण्यासारख्या खात आले होते. पाय सुजले, जेवण जाईना, अंगाला खाज सुटली, तेव्हा आम्ही त्यांना अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण धीराच्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोनीबी एकदम? एकीनं तरी आदी कळवायला पायजे होतं का न्हाई? राजीनाम्याला म्हैनाभराची नोटीस लागती." बाई हसल्या. दाजी हसले नाहीत. त्यांना खरोखरच राग आला होता, आणि तो पुढे कायम टिकला. आजाराची भीती त्यांना वाटली असेलही, पण त्यांनी ती कधी दाखवली नाही. राग मात्र सगळ्यांना दाखवला.

आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. हाताची शीर आणि धमनी जोडून सुयांसाठी जागा करतात. त्या जागी हात ठेवला की आतून सारखी घरघर लागते. दाजी गावातल्या ज्याला त्याला मनगट पुढे करून कान लावायला लावत आणि म्हणत, "ऐक. हिरीत पाणी न्हाई, पण मोटार चालू हाय." त्या यंत्राबद्दल मात्र त्यांना मनापासून आदर होता. चार तासांत ते माणसाच्या अंगातलं जादा पाणी काढून घेतं, हे कळल्यावर ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. "मास्तर," ते मला म्हणाले (मी त्यांच्याच गावात शाळामास्तर, म्हणून त्यांच्यासाठी मास्तर), "दुधातलं पाणी काढायचं मशीन मी जलमभर शोधलं. ह्यांनी माणसातलं काढायचं बनवलं."

पाणी दिवसाला एक लिटर, चहा आणि कालवणाचा रस त्यातच धरून, असा हुकूम होता. तो दाजींनी पाळला, कारण मोजायचं काम त्यांच्या आवडीचं. सोसायटीतलं दुधाचं छोटं माप त्यांनी घरी आणलं आणि त्या मापानेच ते पाणी पीत. पाहुण्यांकडे गेले तरी माप धोतराच्या सोग्यात असे. पण बंदीच्या बाकीच्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. केळी नको, शहाळं नको इथवर ठीक होतं. आमच्या भागात शहाळं तसंही लग्नातच दिसतं. सीताफळ नको म्हटल्यावर मात्र ते खवळले. "बालाघाटात जलमलो आन सीताफळ न्हाई खायचं? मग जगायचं कावून?" एका दुपारी बांधावरची दोन सीताफळं त्यांनी बसल्या जागी संपवली. संध्याकाळपर्यंत हातापायांतलं बळ गेलं, छातीचे ठोके चुकायला लागले. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं आणि हृदय बंद पडायची वेळ आली होती. जीपमधून त्यांना अंबाजोगाईला नेलं. यंत्रावर चढवून ते सावरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, किती खाल्ली?" दाजी म्हणाले, "दोन. तिसरं हातात होतं, तेवढ्यात ह्या आल्या." मग त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि पुन्हा सीताफळाचं नाव काढलं नाही.

असं तीन वर्षं चाललं. नंतर अक्काने ठराव मांडला, की माझी एक किडनी यांना द्यावी. पहिल्यांदाच दाजींनी अनुमोदन नाकारलं. बायकोच्या अंगातली वस्तू काढून जगणं त्यांना मान्य नव्हतं. दोन दिवस ते जेवले नाहीत. अक्काने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "माज्या बापानं दिलेल्या दोन म्हशीवर डेअरी उभी केली तुमी. तवा इचारलंतं का मला?" दाजींनी ताट वाढायला सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यात, किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे अक्काची मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? अक्का म्हणाली, "न्हाई साहेब. दबाव माजा हाय, त्यांच्यावर." समितीने मंजुरी दिली.

अक्काची किडनी दाजींच्या अंगात पहिल्याच दिवसापासून कामाला लागली. दाजींचा मात्र अवतार बदलला. गोळ्यांनी तोंड पुरणपोळीसारखं फुगलं, हात थरथरायला लागले, साखर वाढली. नवी किडनी परकी समजून अंगाने तिला हाकलू नये, म्हणून अंगाची ताकदच कमी करून ठेवायची असते. त्यामुळे गर्दी नको, गोठा नको, उघड्यावरचं खाणं नको. दाजी तोंडाला फडकं बांधून गोठ्यापासून दहा पावलांवर उभे राहत आणि म्हशीची मोठ्याने चौकशी करत. गोळ्या मात्र सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, मिनिटाचा फरक नाही. कुणी कीव करायला आलं, की त्याला सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवत. परत कीव करायला सहसा कुणी येत नसे.

आणि मग तो दुष्काळ पडला. बोअर आटले, आड आटला, चार दिवसांनी टँकर यायचा आणि त्यावर डोकी फुटायची पाळी आली. शेवटी गावाने वाटपाचं काम सोसायटीकडे दिलं, म्हणजेच दाजींकडे. त्यांनी एका दिवसात नियम केला: माणशी दोन घागरी, चार दिवसांना, लहान-थोर, गरीब-श्रीमंत सारखंच, जादा कुणालाही नाही. सरपंचाच्या माणसाला त्यांनी रांगेत परत पाठवलं. त्यांचे सख्खे चुलतभाऊ आबा लेकीच्या लग्नासाठी एक पिंप मागायला आले, तर दाजींनी अर्जावर 'नामंजूर' लिहून अर्ज हातात दिला. आबांनी लग्न तालुक्याला जाऊन लावलं आणि दाजींशी बोलणं टाकलं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गावात पाण्यावरून एकाचंही डोकं फुटलं नाही.

इथेच दाजींनी ती चूक केली. किडनी नवी आहे, तिला रोज तीन लिटर पाणी लागतंच, असं डॉक्टरीणबाईंनी शंभरदा बजावलं होतं. वाट्याच्या पाण्यात दोघांचा स्वयंपाक, धुणं-भांडी आणि दावणीला उरलेली एक म्हैस. दाजींनी विचार केला, सगळ्या गावाने निम्मं केलंय, तर हिनेही निम्म्यात भागवावं. दीड लिटर मापाने मोजून प्यायचे, उरलेलं म्हशीला. मी हटकलं, तर मलाच म्हणाले, "मास्तर, तीन लिटर ही पुण्याची गोष्ट हाय. ह्या गावात ऱ्हायचं तर गावाच्या नियमानं ऱ्हावं लागतंय. किडनीला येगळा न्याय न्हाई." किडनी दमली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनीन महिन्याच्या तपासणीत चढलेलं निघालं. बाई म्हणाल्या, "काका, पाणी कमी पडतंय." दाजी म्हणाले, "बाई, समद्यालाच पडतंय."

मला त्यांचा संताप आला. हा माणूस तत्त्वापायी माझ्या बहिणीचं दान मातीत घालतोय, असं मी तोंडावर बोललो. ते रांगेची यादी नीट करत बसले. अक्का माझ्यासारखी बोलत बसली नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून गुपचूप स्वतःच्या तांब्यातलं पाणी उकळून दाजींच्या तांब्यात ओतायला सुरुवात केली. माप मोजायला दाजी होते, पण तांब्या भरायला अक्का होती. हे म्हशीचं कमी केलंय, असं तिने त्यांना सांगून टाकलं आणि दाजी कुरकुरत का होईना, पीत राहिले.

पंधरा-वीस दिवसांनी टँकरच्या रांगेत अक्का घागरीसकट खाली बसली. ऊन लागलं म्हणून आम्ही अंबाजोगाईला नेलं. बाईंनी दोघांचंही रक्त तपासलं. दाजींचा आकडा थोडा उतरला होता. अक्काचा चढला होता. "मावशी, तुम्हालाही एकच किडनी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाणी कुणाला देताय?" अक्काने पदर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. दाजी दोन्ही कागद हातात धरून बाकावर बसले होते. एक कागद बघायचे, मग दुसरा. मी त्यांच्याशेजारी बसलो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

पुढच्या टँकरच्या दिवशी वाटपाआधी डेअरीच्या पत्र्याखाली सभा भरली. दाजी तोंडाला फडकं बांधून सगळ्यांपासून लांब उभे राहिले आणि त्यांनी अर्ज वाचला. दुसऱ्याचे अर्ज वाचताना त्यांचा आवाज पलीकडच्या वस्तीवर जायचा. त्या दिवशी पुढच्या ओळीलाही नीट ऐकू येईना. अर्जदार, सोसायटीचे सचिव, यांना प्रकृतीच्या कारणास्तव दर वाटपाला एक घागर जादा मिळावी, ही विनंती. खाली बसून ते म्हणाले, "मीच नियम केला, मीच मोडाया सांगतोय. नामंजूर करायचा तर करा. माजा राग न्हाई."

मग मागून आबा उठले, ज्यांच्या लेकीच्या लग्नाला दाजींनी पिंप दिलं नव्हतं ते. आता हे उट्टं काढणार, असं मला वाटलं. आबा म्हणाले, "हा अर्ज मला मंजूर न्हाई. एक घागर म्हंजी काय? ती माउली रांगेत पडली, ते म्या बगितलंय. दोन पायजेत." पत्र्याखाली सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्यावर कुणीही हात जोडले असते. दाजी ताडकन उठले. "तसं न्हाई चालत. अर्जात एक लिवली हाय. दुसऱ्या घागरीला दुसरा अर्ज लागंल, आन तो ज्याचा त्यानं द्यायचा." बायकांच्या घोळक्यातून अक्का पुढे आली. इतक्या वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती. "ल्ह्या मग माजा," ती म्हणाली. "सूचक मी. अनुमोदन कोन देतंय ते बगते." दाजींनी तिथेच अर्ज लिहिला. अनुमोदकाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. सभेने दोन्ही अर्ज बिनविरोध मंजूर केले. आबा स्वतः घागरी भरून घरी पोचवायला गेले, आणि वाटेत दाजींनी त्यांना लग्नाच्या अर्जात तारीख कशी चुकली होती ते समजावून सांगितलं.

दोघांचेही आकडे उतरले. पुढे पाऊस झाला, पुन्हा नाही झाला, पुन्हा झाला. अक्काची किडनी दाजींच्या अंगात बरीच वर्षं बिनतक्रार चालली. गेले ते फुप्फुसातल्या संसर्गाने. गोळ्यांनी अंगाची ताकद कमी करून ठेवली होती, तिथूनच आजार शिरला. शेवटच्या आठवड्यातही ते दवाखान्यात नळ्यांसकट उठून बसत आणि नर्सला पाळीपत्रक कसं लावावं ते सांगत. बाई आम्हाला हळूच म्हणाल्या, की बाकी सगळं दमलंय, किडनी मात्र अजून चांगली आहे. अक्काने फक्त मान हलवली.

दिवसकार्य झाल्यावर एकदा मी तिच्याकडे गेलो होतो. ती ओसरीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी ती अजूनही न चुकता पिते. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग तिने कमरेजवळ, जिथे टाक्यांची खूण आहे तिथे, हात ठेवला. "पुण्याला काढून देताना मला काईच वाटलं न्हवतं बग," ती म्हणाली. "त्या दिशी त्यांला उचलून नेताना मातर वाटलं, की माजंबी कायतरी घिऊन चाललेत." मग तिने तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि मला चहा ठेवायला आत गेली.