वसंताची दोन बटणं

ईशान, मुक्ता, त्या रविवारी मी गच्चीवर तुराट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होते. तुमचे नानाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ वसंता, धुळ्याहून दहाच्या बसने जळगावला यायचा होता. दर रविवारी येत असे. फोन वाजला तो सुमनचा, त्याच्या बायकोचा. “अक्का, हे न्हाणीत पडले. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाहीत...” जाळ तसाच टाकून मी निघाले. धुळ्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, “याआधी काही जाणवलं होतं? हातात जोर नसणं, वस्तू निसटणं?” सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर वर्गात उत्तरं दिली, त्याच ठामपणे म्हणाले, “नाही. अजिबात नाही.” तिसऱ्या दिवशी वसंता गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. ते ‘नाही’ मात्र मला अजून खोडता आलेलं नाही.

तुमचे बाबा शाळेत होते, त्या काळात वसंताचं धुळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी इंग्रजीची शिक्षिका, मला त्या दुकानाची लाज वाटे. एकदा त्याला चार शब्द सुनावायला गेले, तर त्याने मलाच एका मोठ्या यंत्रासमोर उभं केलं. दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, प्रत्येकाला एक दांडा आणि सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची. पडद्यावरच्या दोन गड्यांपैकी जो दोन फेऱ्या जिंकेल, डाव त्याचा. दहा सेकंदांत माझा गडी आडवा. “अरे, मोठी बहीण आहे मी, जरा तरी सोडायचं!” म्हटलं, तर हसत म्हणाला, “अक्का, तू शाळामा पोरेस्ले फुकट मार्क देस का?” शाळेत पोरांना मी फुकट मार्क कधीच देत नसे, मला ते पटलं. तेव्हापासून आमच्यात नियमच झाला: खेळात दया नाही.

पुढे दुकान बंद झालं, यंत्र भंगारात गेलं. मग दोन दिवाळ्यांपूर्वी तुम्ही टीव्हीला जोडायचं ते यंत्र आणलंत आणि त्यात तोच खेळ निघाला. वसंताने पडद्याला नाक लावून पाहिलं. “हुबेहूब शे!” थोड्या वेळाने म्हणाला, “पण आवाजमा काहीतरी कमी शे.” काय कमी आहे ते त्यालाच उमगलं, मागे उभ्या पोरांचा गलका. सोफ्यावर बसून खेळणं त्याला मंजूर नव्हतं. हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर इस्त्रीच्या टेबलावर ठेवून तो उभ्याने खेळे. तुम्ही परत गेलात, मग त्याच्यासमोर उभं राहायला मीच उरले. मी वहीत रकाने आखले, कोणता फटका कोणत्या बटणांनी बसतो ते लिहून पाठ केलं. वर्षभर तरीही हरले.

संक्रांतीनंतर मी जिंकू लागले. त्याच सुमारास वसंता बसून खेळू लागला. चहा बशीत ओतून फुर्र करायची त्याची सवयही गेली, “अर्धा कपच दे” म्हणे. मला वाटलं, चला, सत्तरीत का होईना, भावाला शिस्त लागली. सुमनला मी तसं फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा... मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसे. त्याचा उजवा हात मला दिसतच नसे.

जो शेवटचा ठरला, त्या रविवारी मी ओळीने तीन डाव जिंकले. मला रागच आला. कंट्रोलर बाजूला ठेवून म्हणाले, “वसंता, मला दयेचा डाव नको. मुद्दाम हरायचं असेल, तर येत जाऊ नकोस.”

“मी मुद्दाम नही हारनू, अक्का.”

“मग?”

“तू जिकनी ना? मग भांडस कसाले?” आणि हसला. मी हसले नाही. चपला घालून तो बस गाठायला निघून गेला.

गेल्या आठवड्यात घर फार गप्प वाटलं, म्हणून मी यंत्र लावलं. माझा कंट्रोलर चार्ज नव्हता, त्याचा घेतला. उजवीकडची बटणं दाबते, तर काहीच होईना. बिघडला समजून ईशान, तुला व्हिडिओ कॉल केला, ते तुला आठवत असेल. तू मला एकेक पायरी सांगत, कोणत्या बटणाने काय होतं त्या यादीपर्यंत नेलंस. सहापैकी चार जागा रिकाम्या होत्या. एक ठोसा आणि एक लाथ, दोन्ही कंट्रोलरच्या वरच्या कडेला, डाव्या हाताच्या बोटांखाली. “आजी, हे कुणीतरी मुद्दाम केलंय,” तू म्हणालास. “पूर्ववत करायचं का?” मी केवढ्याने तरी ओरडले, “नको!” तुला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते, बाळा.

मग मी वही घेऊन बसले. हे त्याने कधी केलं असेल? संक्रांतीला? त्याच्याही आधी? यंत्र तारीख सांगत नाही. आरोप करण्याऐवजी मी एकदा त्याचा उजवा हात हातात घेऊन पाहिला असता, तर... सुमनला फोन करून सारं सांगितलं. ती म्हणाली, “अक्का, हे भाकरी कुस्करून मागायचे. मला वाटलं, दातांचं काही असेल.”

आता मी फार शंका घेते. मुक्ता, तू फोनवर “ठीक आहे” म्हणालीस, तरी तेच पुन्हा विचारते. कंटाळू नका. आणि याल तेव्हा ती यादी बदलू नका.

रविवारी मी त्याच्या कंट्रोलरवर खेळते. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवावा लागतो, तो सारखा मदतीला धावतो. दोन बटणांवर मला यंत्राचा पहिला, सर्वांत सोपा गडीसुद्धा अजून पाडता आलेला नाही. वसंताने त्या शेवटच्या रविवारी, याच दोन बटणांवर, माझ्याकडून एकेक फेरी जिंकत तिन्ही डाव तिसऱ्या फेरीपर्यंत नेले होते.