कोरड्यास काय केलंस?

लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या बसस्टँडवर माय खिडकीखाली उभी होती. माझ्या मांडीवर तिनं बांधून दिलेलं गाठोडं होतं. त्यात शेंगाची चटणी, वाळवलेल्या भाकरी आणि कारळाची पूड. बाबा कंडक्टरला उगाच सांगत होते, "पोरगी बँकेत लागलीय, मद्रासला चाललीय, सोलापुरात नीट उतरवा बरं का." जणू मद्रासपर्यंत तीच एस.टी. जाणार होती. गाडी हलली तेव्हा मायनं डोळ्यांना पदर लावला नाही. गाडीबरोबर चार पावलं चालत ती ओरडली, "रोज सांजच्याला सांगत जा, कोरड्यास काय केलंस ते!"

गाडीतल्या कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं भाकरीबरोबर खायला जे ओलं कालवण असतं ते कोरड्यास. पाण्यात बुडालेल्या वस्तूला कोरड्यास का म्हणायचं, हे मी शाळेत मास्तरांना विचारलं होतं. उत्तराऐवजी छडी मिळाली, म्हणून पुढं विचारलं नाही. पण खुशाली विचारायची आमची रीत हीच. 'कशी आहेस' असं आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नसे. दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक यायची, "कोरड्यास काय केलं गं?" आणि त्या उत्तरात सगळं कळायचं. डाळ-पाल्याचा पेंडपाला म्हणजे घरी सगळं ठीक आहे. सुकट म्हणजे बाजार झालाय. नुसतं बेसन म्हणजे बाई दमलीय. आणि "काय न्हाई, मिरचीमीठ" असं उत्तर आलं, की पलीकडून वाटी निघालीच म्हणून समजा.

पलीकडं शमीमखाला राहायच्या. मधल्या भिंतीच्या वरच्या दोन विटा कधीच्या पडल्या होत्या. ती फट बुजवायचं ना त्यांनी मनावर घेतलं, ना आम्ही, कारण वाट्या तिथूनच जायच्या. मायचा शेंगदाण्याचा म्हाद्या तिकडं, त्यांचा कद्दूचा दालचा इकडं. वाटी रिकामी परत द्यायची नाही हा नियम. काहीच नसलं तर मूठभर शेंगा, गुळाचा खडा, पण रिकामी नाही. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घरी रात्री दोन कोरड्यासं असतातच, एक आपलं आणि एक भिंतीवरचं.

चेन्नईत पीजीच्या भिंतीला फट नव्हती. पहिल्या आठवड्यात गाठोडं संपलं. मग मी एका मोठ्या दुकानातून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं, तवा आणला आणि भाकरीला बसले. थापायला घेतली की तिच्या कडा फुटायच्या. उचलायला गेले की तिचे तीन तुकडे हातात यायचे. चार वेळा केली, चार वेळा मोडली. पाचव्यांदा मी रडले, भाकरीसाठी रडावं इतकी वाईट वेळ आली म्हणून आणखी रडले, आणि खालच्या मेसमधून दहीभाताचं पार्सल घेऊन आले. तेवढ्यात मायचा मिस्ड कॉल. साडेसातला तिनं मिस्ड कॉल द्यायचा आणि मी फोन करायचा, असं ठरलं होतं.

"कोरड्यास काय केलंस, बाई?"

"बेसन केलंय," मी म्हणाले. "अन् दोन भाकरी."

"लसूण ठेचून घातला का?"

"हाव."

दहीभाताचा घास तोंडात ठेवून मी हे बोलले. एकदा बोलले, मग रोजच बोलत गेले. सोमवारी पेंडपाला, मंगळवारी म्हाद्या. एकदा मी जोशात येऊन अंबाडीची भाजी केल्याचं सांगितलं, तेव्हा मायनं विचारलं, "अंबाडी मिळती व्हय तिकडं?" मी म्हटलं, "हाव, लई." गाव सोडून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपण नीट जेवतो एवढं घरी कळलं, की आपलंही अर्धं पोट भरतं. उरलेलं अर्धं दहीभातानं भरायचं. त्या दहीभाताशी माझं वैर नव्हतं, पुढं पुढं तर तो आवडायलाही लागला. पण मायला तो सांगायची हिंमत झाली नाही.

तिकडून मात्र रोज थाट असायचा. चुक्याची भाजी, वांग्याचं भरीत, हुलग्याच्या पिठाचे रश्श्यातले शेंगोळे. "बाबानं दोन वाट्या खाल्लं," असं शेपूट त्याला ठरलेलं. मला हेवा वाटायचा आणि बरंही वाटायचं. दोघं इतकं रांधून खातात म्हणजे चांगलं चाललंय. त्या भरवशावरच मी तीन वर्षांनी आलेलं प्रमोशन घेतलं आणि आणखी तीन वर्षं दक्षिणेत राहायला होकार दिला. एकदा माय म्हणाली, "आज कद्दूचा दालचा केलाय." मायनं जन्मात कधी दालचा केला नव्हता. पण मला शंका आली नाही. म्हटलं, म्हातारपणी नवं शिकली.

दोन वर्षं मला घरी यायला जमलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात सोलापूरला ट्रेनिंग होतं. ते एक दिवस आधी संपलं. कुणाला न सांगता मी बार्शीमार्गे मुरुडची एस.टी. धरली. गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागले होते. ज्वारी भाजल्याचा वास येत होता. दारापाशी पोचले आणि नेमका साडेसातचा मिस्ड कॉल आला. मला गंमत सुचली. दाराबाहेर उभी राहूनच मी फोन लावला.

माय फोनवर अशी बोलते, की चेन्नईला फोनशिवायही ऐकू जावं. त्यामुळं तिचा आवाज मला दोन्हीकडून येत होता, कानातून आणि दारातून.

आधी दारातून आला. फोन उचलून तोंडाशी नेता नेता ती भिंतीकडं ओरडली, "शमीम, कोरड्यास काय केलं गं?"

पलीकडून उत्तर आलं, "शेंगोळे बनाई मैं! देऊं क्या?"

मग माझ्या कानात माय म्हणाली, "आज शेंगोळे केलेत बघ. बाबानं दोन वाट्या खाल्ले. तुझं काय?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भाकर टाकलीय तव्यावर. बेसन झालंय."

आणि मी दार ढकललं.

बुद्धाच्या तसबिरीखाली दोघं समोरासमोर बसले होते. बाबांच्या ताटात दुधात चुरलेली भाकर. मायच्या ताटातही तेच. ना चूल तापलेली, ना पातेलं. कोनाड्यात कपात पाण्यात बाबांची कवळी बुडवून ठेवलेली. त्यांचे दात काढलेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी रडायच्या बेतात होते. पण मायनं हातातल्या फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अन् तुझी तव्यावरची भाकर कुठाय गं?"

बाबा पहिल्यांदा हसले, बोळक्या तोंडानं. मग आम्ही तिघंही.

हसून झाल्यावर सगळं बाहेर आलं. दात काढून दीड वर्ष झालं होतं. कवळी बसत नव्हती, टोचायची. बाबांना दूधभाकर नाहीतर पातळ वरण, एवढंच चालायचं. मी म्हटलं, "पण तुला तर खाता येतंय ना, माय? तुझा ठेचा?" मिरचीच्या ठेच्याशिवाय माय जेवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ती ताटाकडं बघत म्हणाली, "ह्याला चावंना, अन् मी ह्याच्यासमोर कसं खाऊ? घशाखाली उतरत न्हाई, बाई." बाबा पुटपुटले, "मीच म्हणलं, पोरीला सांगू नको. ती तिकडं एकटी, उगा घोर लावून घेईल." दीड वर्ष शमीमखालांचं कोरड्यास भिंतीवरून माझ्यापर्यंत येत होतं आणि ते मायचं समजून मी निर्धास्त झोपत होते.

मग मीही सांगितलं, दहीभात, मेस, मोडलेल्या भाकरी. मायला दहीभाताचं काहीच वाटलं नाही, पण भाकरी मोडली म्हटल्यावर ती खरी हळहळली. "पाकिटाचं पीठ जुनं असतंय. त्याची इरी जाती, चिकटपणा ऱ्हात न्हाई. त्याला उकळतं पाणी घालावं, मग धरतंय. मला इचारायचं न्हाई व्हय?" विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण विचारायला खरं सांगावं लागलं असतं.

भिंतीवरून शेंगोळ्यांची वाटी आली. "बेटी आई क्या?" म्हणून शमीमखालांचं डोकंही फटीत आलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. बाबांनी शेंगोळे बोटांनी रश्श्यात कुस्करले आणि खाल्ले. दोन वाट्या.

दुसऱ्या दिवशी बाबांना लातूरला नेऊन मी कवळी घासून घेतली. आता ती थोडी बसते. निघताना आमचा करार झाला, जे ताटात असेल तेच सांगायचं. मी बदलीचा अर्जही केलाय. तो मंजूर होईल का, आणि झाल्यावर चेन्नईच्या त्या खोलीची मला आठवण येईल का, हे आज सांगता येत नाही. येईल बहुतेक.

आता भाकरी जमते, चारातली एक मोडते. काल साडेसातला मायनं विचारलं, "कोरड्यास काय केलंस?"

"काय न्हाई, माय. दमले होते. दहीभात."

पूर्वी हे ऐकवायची मला भीती होती. घर म्हणजे भरलेलं ताट असं मी समजत होते. आता वाटतं, 'काय न्हाई' एवढं खरं उत्तर जिथं देता येतं, ते घर.

"बरं," माय म्हणाली. "पोटभर जेव."

"अन् तुझं?"

पलीकडून नुसतं 'स्स, स्स' ऐकू आलं. मग बाबांनी फोन घेतला. "तुझी माय ठेचा खायलीय, तिला बोलता येईना. डोळ्यातून पाणी चाललंय. अन् मी समोर बसून वास घ्यायलोय. लई झ्याक झालाय."