कोल्हारच्या राहीबाईचं दही

कोल्हारच्या एसटी स्टँडवर कुणी परगावी निघालं, की राहीबाई दह्याची वाटी घेऊन हजर असायचीच. लेक सासरी निघो, पोरगा पलटणीत निघो, नाहीतर कुणी नुसता नगरला दात काढायला निघो. ती त्याच्या तळहातावर बोटभर दही ठेवायची आणि गाडी पार नजरेआड होईपर्यंत जागची हलायची नाही. आधी पाठ फिरवली तर माणूस माघारी येत नाही, हा तिचा पक्का समज. तिने पोचवलेला कुणी आला नाही असं आजवर झालं नव्हतं. दात काढायला गेलेला तर दातासकट परत आला होता. एकदा नगरची गाडी प्रवरेच्या पुलावरच बंद पडली, तर ही बया दीड तास उन्हात ताटकळली. तिचा नवरा सहादू घरी भाकरीची वाट बघत बसला.

सहादूची पेरूची बाग होती आणि ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून उभ्या जन्मात निघाले नव्हते.

सत्तर साली त्यांच्या सोपानला कुवेतला वेल्डरची नोकरी लागली. राहीबाईने सांगून टाकलं, “इथं स्टँडवर दही देऊन भागायचं न्हाई. ज्या गाडीनं पोरगं जायचं, ती माज्या डोळ्यांम्होरनं गेली पायजे.”

झालं! दह्याचा कडीचा डबा मांडीवर धरून ती सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत आली. दारात पोलिसाने अडवलं, तेव्हा तिथेच तिने सोपानच्या हातावर दही ठेवलं. नव्या कोऱ्या शर्टावर सांडू नये म्हणून त्याने ते घाईने चाटलं आणि तो आत गेला.

विमानं बघायला तिकीट काढून गच्चीवर जाता येत होतं. दोघं वर गेली. खाली पाच-सहा विमानं उभी.

“अवो, आपल्या सोपानचं कंचं?”

सहादूला काय कप्पाळ ठाऊक! पण सवय जाते कुठे? त्यातलं एक हलताना दिसलं, त्याने बोट केलं. “त्ये काय, निघालंच!”

राहीबाईने हात जोडले. विमान उडालं, त्याचा ठिपका झाला, ठिपकाही गेला. एवढ्यात शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला, “मद्रासचं गेलं बरं का वेळेवर.”

म्हणजे सोपानचं विमान अजून खालीच होतं! खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर पोरगं.

“चल आता,” तो कसाबसा म्हणाला.

“बसू की जरा. तिकीट काढलंय. तुमी च्या पिऊन या.”

सहादू चार चहा प्याला. राहीबाई मात्र दिवेलागणीपर्यंत गच्चीवरच. बाईला मजा वाटतेय, असं त्याला वाटलं.

पुढची दोन वर्षं त्याने कशी काढली ते त्याचं त्यालाच माहीत. सोपान सुखरूप येईपर्यंत तंबाखू बंद, असं त्याने गावच्या भगवतीपुढे बोलून ठेवलं. पोस्टमन दिसला की तो पेरूच्या बागेत शिरायचा. राहीबाई गावाला सांगायची, “पोरगं परदेशी गेलं आन् बाप मानसात आला.”

बहात्तर साली सोपान धडधाकट घरी आला. तो नदीवर आंघोळीला गेला तेव्हा सहादूने चुलीपाशी बसून सगळं कबूल केलं. राहीबाईने भाकरी उलटली.

“मला तवाच कळलं हुतं. खरं ठाऊक असतं तर नुसतं ‘त्ये काय’ म्हनून थांबला असता व्हय? इमान कुनी बांधलं हितनं सुरू केलं असतं तुमी.”

“मंग?”

“मंग काय? सांच्यापारपर्यंत उडालं त्ये एकूनएक पोचवलं मी. सोपानचं त्यातच हुतं की.”

“आन् मला दोन वरसं बिनतंबाखूचं ठिवलंस?”

“सुटत हुती तर सुटू दिली.”

सहादूला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. मग तो म्हणाला, “पर बाकीच्या इमानांसाठी कशापायी मान मोडलीस?”

“त्यात बी कुनाची तरी लेकरंच हुती. समद्यांच्या आया थोड्याच आल्या हुत्या गच्चीवर?”