तीनशे काडतुसं आणि दादाचा फोन

चारुदत्त रणपिसे यांनी पिस्तूल आयुष्यात एकदाच झाडलं. आवाज आवडला नाही, म्हणून खाली ठेवलं. पण काडतुसं मात्र गेल्या सहा वर्षांत त्यांनी हजारोंनी भरली आणि त्यातल्या एकाचीही तक्रार आली नाही. एकतीस वर्षं कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्यात गेलेल्या माणसाला तक्रार म्हणजे काय ते नीट कळतं. तक्रार म्हणजे सगळ्या शॉपसमोर तुमचा पीस टेबलावर ठेवला जातो आणि कुणी काही बोलत नाही.

हे भरण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं ते मुलीमुळे. नेत्रा कॉलेजात असताना पिस्तुलाच्या स्पर्धांना जाऊ लागली. लोखंडी तबकड्या आणि पुठ्ठ्याची निशाणं लावलेली असतात. त्यांच्यामधून धावत जायचं आणि घड्याळ लावून ती उडवायची. चारुदत्तांना हे खूळ वाटलं. दुकानात मिळणारं काडतूस महाग, शिवाय प्रत्येक पेटीची तऱ्हा वेगळी, म्हणून नेत्राने घरीच भरायला एक हातप्रेस आणला आणि नोव्हाय या अमेरिकी गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसवला. एका रविवारी चारुदत्त ब्लोअरचं फिल्टर बदलायला खाली गेले. जाता जाता त्यांनी प्रेसचा दांडा एकदा ओढून पाहिला. दांड्यात खेळ होता, तो जरासा सैल हलत होता. कागदाच्या जाडीएवढा, पण होता. ते वर आले, चहा घेतला, पुन्हा खाली गेले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत वर आले नाहीत. त्यानंतर प्रेस त्यांचा झाला.

मराठी मंडळात याची मजा चालायची. नागपूरचा यतीन गणपतीच्या जेवणात सगळ्यांना सांगायचा, "काकांशी जपून बोला यार. सगळे रिटायर होऊन बागकाम करतात, हे बेसमेंटमध्ये दारू भरतात."

"तुला पेलायची नाही ती," चारुदत्त म्हणायचे आणि भाताकडे वळायचे.

काम साधं आहे, पण एकाच वेळी चार ठिकाणी चालतं. प्रेसवर एक गोल ताटली असते, तिला चार घरं. प्रत्येक घरात एक पितळी पुंगळी. दांडा एकदा खाली ओढला की पहिल्या घरात पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी जुनी टोपी निघून नवी बसते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात गोळी बसते, चौथ्यात ती आवळली जाते. मग ताटली हाताने एक घर पुढे फिरवायची. एक ओढ, एक घर. ताटली फिरवायची राहिली तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडते. दोनदा फिरवली तर एक पुंगळी दारूशिवायच पुढे जाते. रिकामं काडतूस नुसतं फुसकन वाजतं. टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाते आणि तिथेच अडकते. ते लक्षात न येता मागून दुसरी झाडली की नळी हातात फुटते.

म्हणून चारुदत्तांनी कारखान्यातल्या टूलरूमचा नियम घरी आणला होता. काम मध्येच थांबलं तर हातातला पीस बाद. तो बरोबर असेल का, याचा विचारही करायचा नाही. प्रेसच्या डावीकडे श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलेला असे. मध्येच कुणी हाक मारली की ताटलीवरच्या चारही पुंगळ्या त्यात जायच्या.

त्या शनिवारी त्यांना तीनशे भरायची होती. रविवारी सकाळी राज्याची मॅच होती. नेत्रा आता एकतीसची, नोकरी बदललेली, घरात नऊ महिन्यांची मुलगी. मॅचची काडतुसं आजवर ती स्वतःच भरत आली होती. वडिलांची फक्त सरावाला. या वेळी पहिल्यांदा ती म्हणाली, "बाबा, मला वेळच नाहीये. मॅचची तुम्हीच भरा." चारुदत्त "बरं" म्हणाले. आठवडाभर त्यांना झोप नीट लागली नाही.

आठला ते बसले. बारा वाजता तीनशे झाली. सगळी एका हिरव्या पेटीत ओतली, झाकण लावलं, हात धुतले आणि ते जेवायला वर आले.

त्यांच्या बायकोने, मालिनीने, आमटी वाढता वाढता विचारलं, "दादा काय म्हणत होते?"

"गुडघा. ऑपरेशन नको म्हणतोय."

"व्हिडिओवर दिसले का?"

"दिसला की. मलाच म्हणाला, उभा कशाला राहिलास, बस."

चारुदत्तांचा घास हातातच राहिला.

रवींद्रदादा त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा. चिंचवडला असतो. वडील गेल्यावर त्यानेच चारुदत्तांना सोळाव्या वर्षी लेथवर उभं केलं. त्याचा फोन आला की चारुदत्त उठून उभे राहतात. पन्नास वर्षांची सवय. समोर कुणी नसलं तरी. सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा ते उठले, बारा मिनिटं बेसमेंटमध्ये उभ्याउभ्या बोलले, आणि मग बसून दांडा ओढला.

ते ताटावरून उठले, खाली गेले. श्रीखंडाचा डबा उचलून पाहिला. डबा कोरा होता.

"काय झालं?" मालिनी जिन्यावरून म्हणाली. "आमटी गार होतेय."

"झाकून ठेव."

आधी त्यांनी वजनाचा काटा काढला. दहा काडतुसं तोलली आणि काटा परत ठेवला. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या होत्या. पितळेच्याच वजनात इतका फरक पडत होता की त्यात दारूचं वजन बुडून जाई. कानाशी धरून हलवून पाहिलं. खुळखुळ कधी वाटली, कधी नाही. एकाहत्तर वर्षांच्या कानाच्या भरवशावर मुलीचा हात धोक्यात घालायचा नव्हता. साडेदहाची कुठली आणि साडेअकराची कुठली, तेही कळायला मार्ग नव्हता. सगळी एकाच पेटीत ओतली होती. शॉपमध्ये त्यांनी कधी दोन बॅचेस एका टबमध्ये टाकल्या नव्हत्या. घरी टाकल्या.

गोळी उपसायचा एक हातोडा मिळतो. त्याचं डोकं पोकळ असतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं. तीन ठोक्यांत गोळी आणि दारू पोकळीत उतरते. चारुदत्तांनी गॉगल घातला. तीनशे काडतुसं, प्रत्येकी तीन ठोके. नऊशे. चारला नेत्रा येणार होती.

त्यांनी पहिलं आपटलं. दारू होती. दुसरं. होती.

पन्नासाव्याला मालिनी खाली आली. "अहो, वर भिंतीवरचा फोटो हलतोय. काय ठोकताय?"

त्यांनी सांगितलं. दोन वाक्यांत. मालिनी ठोकळ्याकडे बघत उभी राहिली, मग वर जाऊन तीन स्टीलच्या वाट्या घेऊन आली. एकीत गोळ्या, एकीत पुंगळ्या, एकीत दारू.

"या परत स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत," ती म्हणाली.

"नाही आणत."

"नेत्राला फोन करू?"

"सापडू दे आधी."

"आणि नाही सापडलं तर?"

त्यांनी पुढचं आपटलं. शंभराच्या पुढे खांदा भरून आला. दर ठोक्याला ते सकाळ आठवून पाहत होते. फोन वाजला. उठलो. हात कुठे होता? दांड्यावर? ताटलीवर? एकदा वाटलं, फिरवलीच नाही. मग वाटलं, फिरवली, नक्की फिरवली. जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. त्यांना काडतुसाची भीती वाटतच होती. आता या पुसट होण्याचीही वाटायला लागली.

चारला गराजचं दार वाजलं. नेत्रा थेट खालीच आली, गळ्यात गाडीच्या किल्ल्या. "बाबा, रेडी? मला आन्याला डे-केअरच्या बाईंकडून..." ती थांबली. वाट्यांकडे, ठोकळ्याकडे, वडिलांच्या गॉगलकडे पाहिलं.

"यातलं एक चुकलंय," चारुदत्त म्हणाले. "कुठलं ते माहीत नाही. मी मध्येच उठलो आणि चारही पीस बाद केले नाहीत."

"उठला? व्हाय?"

"दादाचा फोन होता."

नेत्राने गळ्यातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. ओरडली असती तर बरं, असं चारुदत्तांना वाटलं.

"किती झाले?"

"एकशे अठरा. सगळे बरोबर निघाले."

"मग बाकीचे सोडा ना. माझ्याबरोबर मॅचला येणाऱ्या ऋषीकडे दुकानातल्या पेट्या आहेत, मी त्याच्याकडून घेते. हे सगळं बाजूला ठेवा."

"घे. उद्या तेच वापर."

"मग तुम्ही कशाला ठोकताय?"

"मला बघायचंय."

"बघून काय होणार, बाबा?"

"माझं डोकं चुकतंय की हात, ते कळेल."

नेत्राने नवऱ्याला फोन केला. "अमन, तू आन्याला पिक अप कर. नाही, मी ठीक आहे. वेळ लागेल." मग तिने भिंतीवरचा दुसरा गॉगल घेतला आणि वडिलांच्या हातातला हातोडा काढून घेतला. "तुमचा खांदा गेलाय. तुम्ही फक्त बघा."

तिचे ठोके वडिलांपेक्षा हलके, पण एका मापाचे होते. चारुदत्तांनी ते मनात नोंदवलं. ती ओतायची, ते दिव्याखाली धरून पाहायचे. मालिनी वाटीत टाकायची.

दोनशे अकराव्याला गोळी एकटीच पडली. नेत्राने हातोडा उलटा करून पुन्हा झटकला. दारूचा कणही नाही.

तिने ती पुंगळी तळहातावर घेतली. "मॅचच्या तिसऱ्या स्टेजला मी पळत असते," ती हळूच म्हणाली. "एका दमात आठ शॉट्स. मला हे फुसकन ऐकूच आलं नसतं."

मालिनीने ती गोळी वाटीत न टाकता वेगळी ठेवली.

चारुदत्त प्रेसजवळ गेले. उजवा हात ताटलीवर ठेवून ते खुर्चीत बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. उठताना हाताने आपसूक ताटली फिरवली. बसल्यावर पुन्हा फिरवली. दोनदा. हाताने दोन्ही वेळा आपलं काम चोख केलं होतं.

"सापडलं ना," नेत्रा गॉगल काढत म्हणाली. "झालं, बाबा. डन."

"एक सापडलं."

"एकदाच तर उठला होता तुम्ही."

"असं मला वाटतंय. सकाळी मला वाटत होतं की मी बरोबर भरलंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि गॉगल परत चढवला. उरलेली एकोणनव्वद साडेसहाला संपली. सगळी भरलेली निघाली.

रविवारी मॅचला चारुदत्त गेले. कानावर हेडफोनसारखी टोपणं लावून दोरीच्या मागे उभे राहिले. काडतुसं दुकानातली होती, तरी दर शॉटला त्यांचा अंगठा तर्जनीवर घट्ट बसत होता. तिसऱ्या स्टेजला नेत्रा धावत सुटली तेव्हा त्यांनी आठ मोजले. आठही नीट वाजले. दुकानातल्या काडतुसांचा धक्का तिच्या सवयीचा नव्हता; ती पाचवी आली. पहिल्या तिघांत यायचं तिने वर्षभर मनाशी धरलं होतं. परतताना गाडीत ती रस्त्याकडे पाहत होती आणि ते खिडकीबाहेर.

घरी उतरताना तिने डिकीतून पिशवी काढली. मॅचमध्ये झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या. ती दारात क्षणभर थांबली. पिशवी आपल्याकडेच ठेवते की इथे देते, हे चारुदत्तांना कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

"फोन द्या तुमचा," ती म्हणाली.

तिने चिंचवडचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते, पण दादा लगेच आला. चारुदत्त अंगणातच ताठ उभे राहिले. नेत्राने दादाकाकाला सगळं सांगितलं. तोडक्या मराठीत, पण एकही गोष्ट न गाळता.

मग दादा म्हणाला, "चारू, मशीनवरून उठलास?"

"तुझा फोन होता, दादा."

"माझा फोन होता म्हणून उठलास? मी तुला हेच शिकवलं? लेथवर तुकारामचं बोट कसं गेलं विसरलास?"

"नाही."

"मला वाजू द्यायचं. मी कुठे पळून जातोय? गुडघा असा आहे."

"हो."

"पोरीच्या हातात द्यायचा माल तो," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने असा मध्येच फोन ठेवल्याचं चारुदत्तांना आठवत नव्हतं.

नेत्राने पिशवी त्यांच्या हातात दिली. "ऑक्टोबरला मॅच आहे. तीनशे लागतील. फोन वर आईकडे राहील. आणि पन्नास-पन्नासच्या वेगळ्या पेट्या, त्यावर वेळ लिहून."

"तू उघडून बघणार?"

"प्रत्येक पेटीतली पाच."

"दहा बघ," चारुदत्त म्हणाले.

ऑक्टोबरातल्या शनिवारी ते आठला बसले. साडेदहाला वर फोन वाजला. दादाच; दुसरं कोण असणार. मालिनीचा आवाज छतातून आला, "कामावर आहेत, दादा. हो, सांगते." मग चिंचवडच्या गुडघ्याची चौकशी बराच वेळ चालू राहिली. चारुदत्तांचे पाय दोनदा जमिनीवर घट्ट टेकले. ते उठले नाहीत. दांडा अर्ध्यावर होता. तो वर नेऊन ते पुढचं ओढणार, एवढ्यात थांबले.

उठले नव्हते, पण हात थांबला होता.

त्यांनी ताटलीवरच्या चारही पुंगळ्या काढल्या आणि श्रीखंडाच्या डब्यात टाकल्या.