उलटी शिवलेली म्हैस

गेरूचा वास आला की मला बोरीजवळच्या खेड्यातली आमची शाळा आठवते. निजामी गेली आणि उर्दू शाळा नुकतीच मराठी झाली होती. पहिलीच्या पोरांनी तपासणीच्या साहेबांपुढे मराठी वाचलं नाही, तर माझी नोकरी जाणार होती. पण पोरं तोंडच उघडत नव्हती. मग आमच्या शिपायाने गेरू-काजळीने चित्रं काढली, खाली मी लिहून दिलेल्या ओळी बघून उतरवल्या: मास्तर म्हशीवर बसले, म्हैस डोहात शिरली, मास्तर चिखलात पडले. तो स्वतः उर्दूत शिकलेला, म्हणून सवयीने त्याने पुस्तक उजवीकडून उघडणारं शिवलं. तपासणीच्या दिवशी साहेबांनी ते डावीकडून उघडलं. आधी चिखलातले मास्तर आले आणि शेवटी म्हशीवर ऐटीत बसलेले! "मास्तर चिखलात लोळायलेत!" एक पोरगी ओरडली, आणि सगळा वर्ग हसत हसत पान न् पान खडाखडा वाचू लागला. साहेबही पोट धरून हसले. "उलटी गोष्ट! डोकं कुणाचं हे?" "माझंच," मी म्हणालो. दारातला शिपाई नंतर एवढंच बोलला, "तुमी ऱ्हायलात ना मास्तर, फत्ते झाली." आज ऐंशी ओलांडल्यावर लिहून ठेवतो: चित्रं त्याची होती, चूकही त्याचीच होती, आणि ती फत्तेही त्याचीच.