हळदीचा डाग

वाचनालयाच्या काउंटरवर आज दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक काचेच्या कपाटातली, जाडजूड, पुरस्कार मिळालेली. तिची सुरुवातीची थोडी पानं मळलेली होती आणि पुढची सगळी कोरी करकरीत. म्हणजे जिच्यावर आमच्या गावात एवढी भाषणं झाली, ती कुणी शेवटपर्यंत वाचलेलीच नाही. मी वाचली आहे, घरच्या प्रतीत. तिच्यातली बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत निमूट सोसते आणि लेखक तिच्या सोसण्याला हात जोडत राहतो. मला त्या जोडलेल्या हातांची चीड येते.

दुसरी माझी लाडकी. तिच्यातली बाई भांडते, चुकते आणि पुन्हा भांडते. पुस्तकाची शिवण उसवली होती. ती बाई घर सोडते त्या पानावर कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा डाग होता. स्वयंपाक करताकरता कुणीतरी ते पान उलटलं असणार. हात धुण्याइतकाही धीर निघाला नसणार.

ग्रंथपाल बाई नेमक्या त्याच पुस्तकावर 'बाद'चा शिक्का मारत होत्या.

"अहो, हे का काढताय?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"किती खराब झालंय बघा ना, ताई. आणि हे दुसरं बघा, अजून नव्यासारखं आहे."

नव्यासारखं पुस्तक त्यांनी पुसून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मी बाद झालेलं मागितलं.

"न्या खुशाल," त्या पुस्तक उघडून माझ्यापुढे धरत म्हणाल्या. "नाहीतरी हे आता कोण वाचणार?"

त्यांचा अंगठा त्या हळदीच्या डागावर होता.